तुरटीचा खडा

आश्रुबाचं लक्ष रस्त्यावर कमी आणि इंजिनाच्या पाण्याची गरमी दाखवणाऱ्या काट्यावर जास्त होतं. धर्मापुरी सोडून पाच किलोमीटरसुद्धा झाले नव्हते, आणि काटा निम्म्याच्या पुढं जाऊन उभा होता. तीस वर्षांत सकाळी नऊ वाजता असलं कधी झालं नव्हतं. भर वैशाखात, चढावर, मागच्या सीटवर चार धिप्पाड पुढारी कोंबलेले असताना काटा वर गेला असेल, ते चालायचंच. पण रिकाम्या गाडीत, सपाट रस्त्यावर, सकाळच्या पारी? छे, छे!

त्यानं काट्याच्या काचेवर बोटानं टिचकी मारली. काटा जागचा हलला नाही.

"काय झालं रं?" शेजारी बसलेल्या सुंदररावांनी विचारलं.

"काय न्हाई अण्णा. धूळ बसलीय."

धूळ कसली अन् काय कसलं! आश्रुबानं पहाटे उठून ती काच ओल्या फडक्यानं पुसली होती. नुसती काचच नव्हे, अख्खी गाडी पुसली होती. आज गाडीचं पासिंग होतं. अंबाजोगाईला आरटीओत साहेब बॉनेट उघडणार, वाकून खालून बघणार, आणि मग ठरवणार की ही पांढरी, डिझेलची अँबॅसेडर आणखी पाच वर्षं रस्त्यावर राहील की भंगारात जाईल. गाडी भंगारात गेली तर आश्रुबा कुठं जाईल, हे ठरवायला मात्र कुठल्या साहेबाची गरज नव्हती. तो उसाच्या फडात जाईल.

सव्वीस वर्षांचा होईपर्यंत त्यानं ऊसच तोडला होता. कारखान्याच्या ट्रॅक्टरवर स्टिअरिंग धरायला शिकला, ते सुंदररावांच्या नजरेत भरलं. सुंदरराव तेव्हा जिल्हा परिषदेत होते. त्यांनी नवी गाडी घेतली आणि किल्ली याच्या हातात दिली, कारण त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. आजही येत नाही. त्या किल्लीनं आश्रुबाच्या आणि त्याच्या बायकोच्या, जानकीबाईच्या, हातातला कोयता सुटला. आता मुलगा परमेश्वर आणि सून तोडीला जायचे. पण नात आरोही आजी-आजोबांजवळ राहून चौथीत शिकत होती. आश्रुबाची ड्रायव्हरकी गेली, की दिवाळीच्या आधी घराला कुलूप, दोघं म्हातारा-म्हातारी पोराच्या मागं, आणि आरोहीची शाळा ट्रॉलीत. छप्पन्नाव्या वर्षी कोयता धरायचा! नुसत्या विचारानं त्याचा उजवा खांदा ठणकायला लागायचा.

म्हणून तर त्यानं काल संध्याकाळी ते केलं. आणि इथंच सगळा घोळ झाला.

काल दिवस मावळायच्या आत त्यानं रेडिएटरचं टोपण उघडून बघितलं, तर आत पाणी हिरवंगार! आश्रुबाच्या अंगावर काटाच आला. दर पंधरा दिवसांनी पाणी बदलणारा माणूस तो, त्याच्या गाडीत शेवाळ? मागच्या आठवड्यात बहिणीच्या सासऱ्याच्या तेराव्याला तो उमापूरला गेलता, तेवढ्या दोन दिवसांत कुणीतरी गाडीला हात लावला असणार. सत्यम! सुंदररावांचा मुलगा विजयसिंह, त्याच्या नव्या मोठ्या गाडीवरचा तो ड्रायव्हर. जनावरांच्या हौदातलं पाणी ओतलं असणार मेल्यानं. आता उद्या साहेबानं टोपण उघडलं अन् आत डबकं दिसलं तर? तीस वर्षांची इज्जत एका झटक्यात गेली म्हणायची.

त्यानं खालची तोटी उघडून सगळं हिरवं पाणी गोठ्यामागच्या नालीत सोडून दिलं. बोरचं पाणी घालून धुतलं, तर आतून तांबडं, गढूळ पाणी यायला लागलं. जुनं इंजिन, गंज असायचाच. पुन्हा धुतलं, पुन्हा तांबडं. आश्रुबा चिडला. मग त्याला युक्ती सुचली आणि तो घरातून तुरटी घेऊन आला. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की जानकीबाई घागरीत तुरटी फिरवायची आणि तासाभरात पाणी असं निवळायचं की तळातला पैसा दिसावा. त्यानं बादलीत तुरटी फिरवून ते पाणी रेडिएटरात भरलं. वर आणखी एक सुपारीएवढा खडा आतच टाकून दिला, राहू दे म्हणून.

"अवो, गाडीला काय प्यायचंय का त्ये?" जानकीबाई म्हणाली होती.

"तुला काय कळतंय त्यातलं," आश्रुबा म्हणाला होता, आणि टोपण लावून छाती फुगवून घरात गेला होता. असल्या कामात आपल्यासारखा माणूस नाही, असं त्याला रात्रभर वाटत राहिलं. आता त्याला तसं वाटत नव्हतं.

काटा आणखी एक रेघ पुढं गेला.

आज सुंदररावांचंही काहीतरी बिनसलं होतं. एरवी ते मागं, डाव्या खिडकीशी बसायचे. तीस वर्षं तीच जागा. आज मागचं दार उघडून धरलं तरी ते पुढं येऊन बसले. डॅशबोर्डवरचा योगेश्वरी देवीचा छोटा फोटोही जागेवर नव्हता. कुणी पुसायला काढला असेल म्हणून आश्रुबानं विचारलं नाही. गाडीच्या कागदांची पिशवीसुद्धा बरोबर नव्हती. "कागदं विजयसिंहाकडं हायेत, त्यो थेट तिथं येतो," एवढंच ते म्हणाले होते. बंडीच्या खिशावर हात ठेवून ते बसले होते. मध्येच घसा खाकरायचे, काहीतरी बोलणार असं वाटायचं, आणि मग खिडकीबाहेर बघायचे.

"आश्रुबा," अखेर ते म्हणाले.

"जी."

"गाडी गरम-बिरम होत न्हाई ना रं?"

"न्हाई अण्णा."

"व्हायची न्हाई आता. मागल्या आठवड्यात तू उमापूरला गेलतास बघ, तवा विजयसिंहानं गाडी परळीला पाठवलती. त्ये हिरवं औषध घातलंय. कुलंट का काय म्हणतेत. म्हणला, आता दोन वर्षं टोपण उघडायचं काम न्हाई."

गाडी एकदम डावीकडं ओढली गेली. आश्रुबानं कशीबशी सावरली.

"अरं बघ की पुढं!"

"खड्डा होता अण्णा."

खड्डा होता, पण तो रस्त्यात नव्हता. तो त्यानं काल आपल्याच हातानं खणला होता. शेवाळ नव्हतं ते! औषध होतं! विकत आणलेलं, गाडी थंड ठेवायचं औषध त्यानं आपल्या हातानं नालीत सोडून दिलं होतं आणि वर तुरटी घातली होती. बरं, तुरटी काय करते? पाण्यातली घाण गोळा करून तळाला बसवते. घागरीत ठीक आहे, वरचं पाणी घ्यायचं आणि गाळ ओतून टाकायचा. रेडिएटरातला गाळ कोण ओतून टाकणार? त्याच्या नळ्या काडीएवढ्या बारीक. तीस वर्षांचा गंज आणि बोरच्या पाण्याचा चुना, सगळा गोळा होऊन त्या नळ्यांच्या तोंडाशी जाऊन बसला असणार. अरे देवा, अरे देवा! हे काल का नाही सुचलं?

आणि दुसरी गोष्ट त्याच्या डोक्यात भुंग्यासारखी फिरायला लागली. विजयसिंह या गाडीला डबडं म्हणायचा. दारात उभी असली तरी त्याला लाज वाटायची. त्यानं हिच्यासाठी औषध कशाला घातलं असेल? पासिंगसाठीच असणार, दुसरं काय. म्हणजे जो माणूस गाडीच्या वाईटावर होता त्यानं तिचं भलं केलं, आणि ज्याचं पोट तिच्यावर होतं त्यानं तिच्या नरड्यात गाळ कोंबला. आश्रुबाला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

सांगावं का? सांगितलं तर अण्णा म्हणतील, तुला गाडीतलं एवढंही कळत नाही तर तुला ठेवून करायचं काय. न सांगावं तर गाडी आरटीओच्या दारात सगळ्यांदेखत उकळणार. आणि त्याहून वाईट म्हणजे उकळत्या गाडीला तसंच पळवलं तर इंजिनच जाम होणार, मग पासिंगही नको आणि काही नको. एक किलोमीटर तो 'आता सांगतो' म्हणत गेला, दुसरा 'त्या लिंबापाशी सांगतो' म्हणत गेला. लिंब आलं आणि गेलं. तोंड काही उघडलं नाही.

तेवढ्यात पुढं उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. दोन ट्रॉल्या, दोन्ही मापाबाहेर भरलेल्या, आणि रस्ता चढाचा. समोरून गाड्यांची रांग. ओलांडायची सोय नाही. अँबॅसेडर पहिल्या-दुसऱ्या गिअरात ट्रॅक्टरच्या मागं माणसाच्या चालीनं रांगायला लागली. वाऱ्याचा झोत बंद झाला आणि काटा आता रेघ-रेघ नव्हे, बघता बघता चढायला लागला. मागच्या ट्रॉलीच्या मोळ्यांवर एक नवरा-बायको बसले होते, आश्रुबाच्याच वयाचे. बाईनं पदर नाकातोंडाला गुंडाळला होता. बाप्यानं आश्रुबाकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, आणि उगाच हात वर केला. आश्रुबाला हात वर करता आला नाही.

"वास कसला येतोय रं?" सुंदरराव म्हणाले.

काटा तांबड्यात शिरला. बॉनेटच्या फटीतून वाफेची एक बारीक रेघ निघाली, मग दोन निघाल्या, आणि मग सू करून सगळी काच पांढरी झाली.

आश्रुबानं गाडी रस्त्याच्या कडेला, एका बाभळीच्या विरळ सावलीत घेतली. उतरून बॉनेट वर केलं आणि मागं सरला. वाफेचा लोट त्याच्या डोक्यावरून गेला. तो धावत मागं गेला, डिकीतलं पोतं काढलं, कॅनमधल्या पाण्यात भिजवलं आणि रेडिएटरच्या पुढच्या जाळीवर टाकलं. पोत्यातूनसुद्धा वाफ निघाली.

सुंदररावही उतरले होते. शहात्तर वर्षांचा माणूस, पण स्वस्थ बसणं माहीत नाही. "टोपण काढ की! आत पाणी घाल!" म्हणत त्यांनी हात पुढं केला.

"हात लावू नका!" आश्रुबा ओरडला. उभ्या जन्मात तो त्यांच्यावर असा ओरडला नव्हता. "तोंड भाजून निघंल अण्णा. अन् तापल्या इंजिनात गार पाणी गेलं तर हेड तडकतंय. अर्धा तास हात लावायचा न्हाई कुणी."

सुंदररावांनी हात मागं घेतला. दोघं बाभळीखाली उभे राहिले. ट्रॅक्टर चढ चढून गेला, त्याच्या मागची रांगही गेली, रस्ता मोकळा झाला. ऊन चढत होतं. आश्रुबा चार पावलं इकडं जायचा, चार तिकडं, पोत्यावर पाणी शिंपडायचा, परत यायचा.

"पर औषध घातलेलं असून..." सुंदरराव स्वतःशीच म्हणाले, आणि मग मात्र आश्रुबाला राहवलं नाही.

"औषध न्हाई त्यात अण्णा," तो म्हणाला. "मी काढून टाकलं काल. मला वाटलं, शेवाळ हाय. अन् मी तुरटी घातली."

"काय घातलं?"

"तुरटी. पाणी निवळायला. त्यानंच आत गाळ धरलाय. समदी माझी चूक हाय. तुमी काय बी करा, ठेवा न्हाईतर काढून टाका, पर पासिंगला अजून टाईम हाय. मी करतो दुरुस्त. मला तासभर द्या निसता."

एवढं बोलून तो हात जोडून उभा राहिला. डोळ्यांत पाणी आलं होतं ते घामात मिसळून गेलं. आता अण्णा फाडून खाणार. एकेकाळी त्यांचा आवाज चढला की कचेरीतल्या कारकुनांच्या हातातले चहाचे कप हलायचे.

पण सुंदरराव रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "किती घातली?"

"एक सुपारीएवढा खडा. अन् बादलीत फिरवली ती येगळी."

"हां," सुंदरराव म्हणाले, आणि खाली मान घालून चपलेनं माती उकरायला लागले. ते रागावले असते तर आश्रुबाला बरं वाटलं असतं. हे न रागावणं त्याला जास्त टोचायला लागलं.

रस्त्याच्या पलीकडं एका शेतात विहिरीवरची मोटार चालू होती. रुक्मिणीबाई म्हणून एक पोक्त बाई जनावरांच्या घासाला पाणी देत होती. आश्रुबानं जाऊन विनवणी केली. "लाईट दुपारपातुरच हाय, लवकर आटपा," ती म्हणाली, "अन् माजा पाईप डांबरावर फरफटू नका, गेल्या सालीच घेतलाय." गाडी ढकलून तिच्या बांधाशी नेली, त्यात ती स्वतःही एका हातानं ढकलू लागली.

टोपण आता हाताला सोसवत होतं. आश्रुबानं त्यावर फडकं टाकून आधी थोडंसं फिरवलं, उरलेली वाफ जाऊ दिली आणि मग काढलं. खालचा रबरी पाईप सोडवला. वरून पाणी ओतून उपयोग नव्हता. गाळ वरच्या बाजूला नळ्यांच्या तोंडाशी बसलेला, वरून ओतलं तर आणखी घट्ट बसणार. धार उलटी द्यायला हवी होती. त्यानं शेतातल्या पाईपाला फडकं गुंडाळून तो रेडिएटरच्या खालच्या तोंडात दाबून धरला आणि ओरडला, "सोडा पाणी!"

आधी काहीच झालं नाही. नुसतं गुरगुरलं. मग वरच्या तोंडातून एक तांबडी पिचकारी उडाली आणि आश्रुबाच्या धुतल्या शर्टावर बसली. तिच्या मागून गोळे यायला लागले, नासलेल्या दुधासारखे, फक्त विटकरी रंगाचे. आले, आले, आणखी आले. आश्रुबा दातओठ खाऊन पाईप दाबून धरत होता, चिखलात गुडघ्यावर बसला होता, आणि तोंडानं रेडिएटरलाच शिव्या घालत होता. शेवटी पाणी पिवळट झालं, मग नितळ झालं. वरच्या तोंडाशी एक हरभऱ्याएवढा खडा येऊन अडकला. कालची तुरटी, झिजून एवढीशी उरलेली. त्यानं ती बोटानं उचलली आणि खिशात टाकली.

त्याच वेळी सुंदररावांचा फोन वाजला. सुंदररावांना ऐकायला कमी यायचं, म्हणून त्यांचा फोन कायम मोठ्या आवाजावर असायचा. अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असा विजयसिंहाचा आवाज आला.

"अण्णा, कुठवर आलाव? कार्यालयवाले मालक कवाचे येऊन बसलेत. गाडी चालू करून बघणार म्हणतेत, तापत न्हाई म्हणून खात्री पटली तरच घेणार. अन् आश्रुबाला सांगितलं का तुमी? का अजून पासिंगचंच चाललंय? वाटंतच सांगून टाका बरं. हितं येऊन रडारड नको."

सुंदरराव फोनवर इकडंतिकडं बोटं दाबत होते. आवाज बंद करायचं बटण त्यांना सापडत नव्हतं. "बोलतो मी मागून," म्हणत त्यांनी कसाबसा फोन तोडला.

पाणी वाहत होतं. आश्रुबा तसाच गुडघ्यावर बसून होता. पाईप हातातून निसटून त्याच्या मांडीवर पाणी सांडत होतं, ते त्याला कळत नव्हतं.

"पासिंग न्हाई?" तो म्हणाला.

सुंदरराव फोन उलटासुलटा करून बघत राहिले.

"कसलं कार्यालय?"

"मंगल कार्यालय हाय अंबाजोगाईला. दारात उभी करणार हायेत. नवरा-नवरी आत बसून फोटो काढतेत म्हणं हल्ली जुन्या गाडीत." सुंदररावांनी घसा खाकरला. "अधनंमधनं चालवणार बी हायेत. म्हणून चालू गाडी पायजे त्यांना."

म्हणून औषध! आश्रुबाच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. औषध, नसलेली कागदं, पुढची सीट. तो उठला. अंगावरून चिखल निथळत होता.

"कावून न्हाई सांगितलं अण्णा?" त्याचा आवाज फाटला. "आं? कावून? मी तुरटीचं सांगितलं का न्हाई? माझ्या पोटावर पाय येतोय हे ठावं असून सांगितलं. हात जोडून सांगितलं. अन् तुमी तिथंबी गप! किती घातली म्हणून इचारता? तुमाला कुणाचं भ्या हो? तुमी मालक!"

रुक्मिणीबाईनं तिकडं मान फिरवली आणि उगाचच घासात पाणी बघायला गेली.

"तुझंच भ्या होतं," सुंदरराव म्हणाले. "चार दिवस झाले, रोज सकाळी ठरवतो, आज सांगायचं. आज पुढं बसलो ते त्याच्यासाठीच. तुझ्या तोंडाकडं बघून सांगवंना." त्यांनी बंडीच्या खिशातून योगेश्वरीचा फोटो काढला. "ही बी मीच काढली. परक्याच्या दारात कशाला म्हणलं."

"मग न्हाई म्हणायचं होतं विजयसिंह भैय्याला!"

"अरं, काय म्हणून न्हाई म्हणू? त्यो म्हणतो, तुमाला कुठं जायचं असलं तर माझी गाडी हाय, सत्यम हाय. खरं बी हाय त्याचं. पर..." म्हातारा थांबला. मग एकदम चिडून म्हणाला, "तुला काय वाटतंय, तुझं एकट्याचंच जातंय? ही गाडी गेली की मी घरात, वसरीत बसून. दवाखान्याला जायचं तर सत्यमला टाईम हाय का इचारा. योगेश्वरीच्या देवळात जायचं तर इचारा. मेल्याच्या दारावर जायचं तरी इचारा. सभा गाजवल्या रं मी, कलेक्टरला तोंडावर बोललोय. अन् घरातल्या घरात पोराला न्हाई म्हणायला जीभ उचलत न्हाई माझी!"

आश्रुबाच्या रागाला धरायला जागाच उरली नाही. त्यानं वळून पाईपाकडं बघितलं. काम अर्धंच झालं होतं, आणि अर्धं काम टाकून उभं राहणं त्याच्या हातांना जमत नव्हतं. त्यानं खालचा पाईप बसवला, पट्टी आवळली. रुक्मिणीबाईच्या विहिरीचं स्वच्छ पाणी रेडिएटरात हळूहळू भरलं. टोपण उघडंच ठेवून गाडी चालू केली. आतले बुडबुडे येत राहिले, पाणी खाली बसत गेलं, तो वरून घालत गेला. बुडबुडे थांबले तेव्हा टोपण लावलं आणि खाली वाकून पाणी कुठं गळत नाही ना ते बघितलं. मग आत बसला आणि काट्याकडं बघत राहिला.

काटा वर आला, निम्म्यावर आला आणि थांबला. आश्रुबानं दहा मिनिटं वाट बघितली, रेस देऊन बघितलं. काटा हलला नाही. एरवी या गोष्टीनं त्याचा जीव केवढा सुखावला असता! आता गाडी चांगली चालतेय म्हणजे ती जाणार, एवढाच त्याचा अर्थ होता.

"बसा अण्णा," तो म्हणाला. "नेऊन सोडतो. उकळती न्यायची न्हाई मला. कुणाच्या बी दारात जाऊ दे, पर आश्रुबाची गाडी तापलेली आली असं कुणी म्हणायचं न्हाई." बोलता बोलता त्याला हुंदका आला आणि त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. आरोहीला काय सांगायचं? जानकीला काय सांगायचं? काल तर तिला म्हणालो, तुला काय कळतंय.

सुंदरराव बसले नाहीत. ते आश्रुबाच्या उघड्या खिडकीशी उभे होते. पुन्हा फोन वाजला.

"अण्णा, अवो किती टाईम! मालक उठून चालले. निघालाव का न्हाई?"

सुंदररावांनी खिडकीतून आत वाकून काट्याकडं बघितलं. काटा बरोबर मध्ये उभा होता. त्यांनी आश्रुबाच्या चिखलानं भरलेल्या शर्टाकडं बघितलं.

"विजयसिंह," ते म्हणाले, "गाडी लई गरम झालीय."

आश्रुबानं डोकं वर केलं.

"गरम? अवो, नवं कुलंट घातलंय मी त्यात!"

"असंल. पर वाफा निघायल्यात. रस्त्यात उभा हाय मी तासाभरापासून. आश्रुबा चिखलात लोळायलाय गाडीखाली."

"मी मेकॅनिक पाठवतो. कुठं हायेत तुमी?"

"नको. कुणाला पाठवू नको." सुंदररावांचा आवाज हळूहळू जुना व्हायला लागला, सभेतला. "अन् त्या मालकाला सांग, असली गाडी दारात उभी करायची न्हाई. एखादा नवरदेव भाजंल अन् आपल्या नावानं शिमगा व्हईल. मी असं व्हऊ देणार न्हाई. सांग त्याला, अण्णा न्हाई म्हणलेत."

मग विजयसिंह म्हणाला, "बरं, मग उद्या आणा. दुरुस्त करून."

"उद्याचं उद्या बघू," सुंदरराव म्हणाले. या वेळी त्यांना बटण बरोबर सापडलं.

त्यांनी पुढचं दार उघडलं नाही. वळसा घालून गेले, मागचं दार उघडलं आणि डाव्या खिडकीशी, आपल्या जागेवर बसले. आश्रुबाच्या खांद्यावरून त्यांनी योगेश्वरीचा फोटो पुढं केला.

"हिला जागेवर लाव. अन् वळव गाडी."

आश्रुबानं फोटो लावला. तो दोनदा वाकडा बसला, तिसऱ्यांदा सरळ झाला. मग त्यानं गाडी बांधावरून मागं घेतली, वळवली आणि धर्मापुरीच्या रस्त्याला लावली. रुक्मिणीबाईनं पाईप गोळा करता करता हात वर केला, आणि या वेळी त्यानंही केला. विजयसिंह उद्या पुन्हा विचारणार होता, परवा विचारणार होता, आणि हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. आश्रुबाचा डोळा सवयीनं काट्यावर जायचा आणि परत यायचा.

"आश्रुबा."

"जी."

"तो खडा टाकून दिलास का रं?"

आश्रुबानं खिसा चाचपला.

"न्हाई अण्णा. हाय खिशात."

"असू दे," सुंदरराव म्हणाले. "जपून ठेव. उद्याच्याला लागंल."